पावाच्या वासाचा ट्रक

“हा नको. ह्याला कांद्याचा वास येतोय,” ट्रकच्या हौद्यातून डोकं बाहेर काढत गोटी म्हणाला.

“कांद्याचा वास तुझ्याच तोंडाला येतोय,” वकील म्हणाला. “उतर खाली. पुढचा बघू.”

जुन्या ट्रकांच्या त्या भल्यामोठ्या आवारात सकाळपासून तीन नाकं फिरत होती. सगळ्यांत वरचं नाक वकिलाचं. हा भिंगरीचा आतेभाऊ, सुट्टीला राहायला आलेला. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी “पुरावा काय?” असं विचारणार, म्हणून वकील. मधलं नाक भिंगरीचं, बारा वर्षांचं आणि एका जागी न ठरणारं. खालचं नाक तिच्या धाकट्या भावाचं, गोटीचं. ते बाराही महिने गळत असायचं, त्यामुळे वासाच्या बाबतीत त्याच्या मताला कुणी किंमत देत नव्हतं.

वास घ्यायचं हे काम मामाने लावून दिलं होतं. “माल वाहायचा ट्रक घेऊन त्याचं घर करायचं, तर आधी त्यात काय वाहिलंय ते कळायला हवं. रंगाने सगळं झाकतं, वास झाकत नाही,” असं त्याचं म्हणणं.

आणि घर तर करायचंच होतं. आईचं काम रस्ते आखण्याचं. डोंगर कुठे फोडायचा, वळण कुठे द्यायचं, हे मोजायला ती दुर्बीण आणि ती ठेवायचं तिकाटणं घेऊन जायची, ती महिनेच्या महिने तिकडेच. मुलांची सुट्टी आणि आईची मोजणी नेमकी एकाच वेळी सुरू व्हायची. मागची अख्खी सुट्टी आई फोनच्या काचेत दिसली, तीही रेंज असली तर. या वर्षी मात्र बाबांनी जाहीर केलं होतं की एक जुना ट्रक घ्यायचा, त्यात बर्थ, ओटा, पाण्याची टाकी बसवायची आणि सगळं बिऱ्हाड आईबरोबर डोंगरात न्यायचं. त्या दिवसापासून भिंगरीच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. ट्रक चालवायचा परवाना त्यांनी हौसेने काढला होता. पण ट्रक चालवणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. ओळखायला मामा. मामा म्हणजे आईचा पाठचा भाऊ, गावाबाहेर त्याचं गॅरेज होतं. भिंगरीला सायकल त्याने शिकवली, पोहायला त्याने शिकवलं, परीक्षेत नापास झाल्यावर घरी सांगायला बरोबर तोच आला. तिच्या लेखी मामा म्हणेल ती पूर्व दिशा.

शेवटी आवाराच्या टोकाला एक हिरवा, बंद हौद्याचा ट्रक सापडला. भिंगरी आत शिरली आणि डोळे मिटून उभी राहिली. आत गरम पावाचा वास होता. फळ्यांच्या फटींत अजून पीठ होतं.

“बेकरीचा,” मामा खूश होऊन म्हणाला. “कोरडा माल, हलका माल. आता दुसरी परीक्षा.” त्याने फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक खिशातून काढून भिंगरीच्या हातात दिलं. “चासीवरून फिरव. चासी म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, सगळा भार त्याच्यावर. लोखंड असेल तिथे चुंबक चिकटेल. पुट्टी भरून रंग मारला असेल तिथे घसरेल.”

चुंबक या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटत गेलं.

“झालं, हाच,” बाबा म्हणाले.

मग मामाने भिंगरीला बाजूला घेतलं. “आता शेवटचं काम. निवडलेली गाडी आणि घरी आलेली गाडी एकच आहे, हे कशावरून? खूण हवी. तू एकटी जा, कुठेतरी खूण कर आणि कुठे केलीस ते कुणाला सांगू नकोस. अगदी मलासुद्धा.”

“तुला का नाही?”

“धंद्यात सख्ख्या मामावरही विश्वास ठेवू नये,” मामा हसत म्हणाला आणि त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली.

भिंगरी केबिनमध्ये चढली. डॅशबोर्डमधल्या कप्प्यात हात घालून, तळवा उलटा करून, कप्प्याच्या वरच्या पत्र्यावर तिने केसातल्या पिनेने तीन पात्यांची एक भिंगरी कोरली. वाकून पाहिलं तरी दिसणार नाही, चाचपलं तरच लागेल अशी.

मामाने ट्रक दुरुस्तीसाठी गॅरेजवर नेला आणि आठवड्याने तो घेऊन दारात हजर झाला. सर्व्हिसिंग केलेलं, नवा हिरवा रंग चकाकतोय. रंगाचा दर्प एवढा, की दुसरा कसला वासच लागत नव्हता. सुतारकाकू तर आधीच फळ्या घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तोंडात खिळे धरले की त्यांच्याशी कुणी बोलायची हिंमत करत नसे. त्या दिवशी दुपारपर्यंत गोटीच्या बर्थचा सांगाडा उभा राहिला, अगदी मागे, मागच्या चाकांच्या वर. आई मोजपट्टी घेऊन गोटीलाच मापत होती. “हा सुट्टीत वाढला तर पाय दाराबाहेर काढावे लागतील,” ती म्हणाली आणि गोटी लगेच पाय दुमडून आक्रसून झोपला.

एवढ्या गडबडीत भिंगरी हळूच केबिनमध्ये चढली. कप्पा उघडला, हात उलटा केला. पत्रा गुळगुळीत होता.

तिने पुन्हा चाचपलं. डावीकडे, उजवीकडे, पार आतपर्यंत. काही नाही.

खूण कुणाला सांगायची नव्हती. पण वकिलाशिवाय आता इलाज नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हनुवटी चोळली. “नंबरप्लेट तर तीच आहे. तू घाईत नीट कोरलं नसशील.”

“मी कोरलं होतं.”

“पुरावा?”

भिंगरीचं डोकं तापलं. पण तेवढ्यात वकील स्वतःच नंबरप्लेटकडे निरखून बघायला लागला. सगळा ट्रक जुना, त्यावरचा प्रत्येक स्क्रू काळवंडलेला, आणि नंबरप्लेटचे दोन स्क्रू तेवढे कोरे करकरीत.

“कुठेतरी पाणी मुरतंय,” तो म्हणाला.

पाणी खरंच मुरत होतं. सकाळी सुतारकाकूंनी हौदा धुऊन घेतला होता. फळ्या उन्हाने वाळल्या तशी कोपऱ्याकोपऱ्यांतून पांढरी पूड वर आली. वकील म्हणाला चुना असेल, भिंगरी म्हणाली पीठ असेल. त्यांचा वाद संपायच्या आत गोटीने बोट लावून चाटलंही.

“खारट आहे.”

“शी! तू चाटलंस?”

“साक्षीदाराची जीभ ग्राह्य धरण्यात येत आहे,” वकील गंभीरपणे म्हणाला. “म्हणजे ह्यात पाव नव्हते. मीठ, नाहीतर बर्फात घातलेली मासळी. आणि मिठाचं पाणी लोखंडाला काय करतं ते तुला माहीत आहे.”

चुंबक अजून भिंगरीच्या खिशात होतं. मामाने ते तिला बक्षीसच दिलं होतं. ती ट्रकखाली सरपटत गेली. पुढच्या बाजूला चुंबक छान चिकटलं. मागच्या चाकांपाशी आलं आणि घसरून तिच्या छातीवर पडलं. तिने पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. वकिलाने स्क्रूड्रायव्हर आणून काळ्या रंगात जरा दाबला, तर भिजलेल्या बिस्किटात जावा तसा तो आत गेला.

त्या जागेच्या बरोबर वर गोटीचा बर्थ होता.

“मामाला कुणीतरी फसवलंय,” भिंगरी म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं. दुसरं काही मनात येणं शक्यच नव्हतं. “त्या आवारवाल्याने ट्रक बदलून दिला. चला, मामाला सांगू.”

तिघं तशीच गॅरेजकडे पळाली. मामाने सगळं ऐकलं. त्याने कपाळाला हात लावायला हवा होता, आवारवाल्याला चार शिव्या हासडायला हव्या होत्या. तो नुसता हात पुसत राहिला. “बघतो मी,” तो म्हणाला. “ताईला काही बोलू नका. सोमवारी निघायचंय, उगाच जिवाला घोर.”

गोटी नेहमीसारखा मागच्या शेडकडे धावला. तिथले बेअरिंगचे छर्रे गोळा करणं हा त्याचा जुना धंदा.

“तिकडे जायचं नाही!” मामा ओरडला.

गोटी जागच्या जागी थिजला. मामा त्याच्यावर आजवर कधी ओरडला नव्हता. “ॲसिड सांडलंय तिकडे,” मामा आवाज उतरवून म्हणाला. “पाय भाजतील.”

तिघं परतीच्या वाटेला लागली. मग वकील म्हणाला, “ॲसिड सांडलंय, तर मामाच्या चपला त्या शेडच्या दारात कशा?”

“तू गप्प बस,” भिंगरी म्हणाली. पण रात्री ती अर्ध्या जेवणावरून उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वकील एकटाच गॅरेजमध्ये गेला आणि टायरचं वय झिजेवरून ठरवावं की तारखेवरून, असा वाद त्याने मामाशी उकरून काढला. वाद घालायचा म्हटला की वकील दम खात नाही. गोटी रस्त्यावर पहाऱ्याला राहिला. भिंगरी मागच्या कुंपणातून वाकून शेडमध्ये शिरली.

ॲसिड नव्हतंच. एक मोठी ताडपत्री होती. तिने कोपरा उचलला. आत हिरवा रंग दिसला, जुना आणि पोपडे आलेला. ती दार उघडून केबिनमध्ये चढली. मागच्या जाळीतून वास आला, गरम पावाचा. तिने कप्पा उघडला आणि हात उलटा केला.

तीन पाती. तिचीच भिंगरी.

ती तशीच बसून राहिली. आपण रडायला हवं, असं तिला वाटलं, पण रडू येईना. सायकल शिकताना मामाने मागून हात सोडला होता आणि तिला पत्ताच लागला नव्हता, ते तिला उगाच आठवलं. तेव्हा ती पडली नव्हती.

“उतर, बाळा.”

मामा दारात उभा होता. वकिलाचा वाद संपला होता, कारण मामाला त्यात कधी नव्हे ते हरायची घाई झाली होती.

“ही आमची गाडी आहे,” भिंगरी म्हणाली.

मामाने इकडेतिकडे पाहिलं. “ऐकून घे आधी. तो मासळीचा ट्रक मीच घेतला होता, धंद्यासाठी. घेताना मलाच टोपी घातली लोकांनी.”

“मग तू ती आम्हाला घातलीस.”

“तसं नाही गं. मी आतल्या बाजूने लोखंडी पट्ट्या मारल्यात त्याला. माझ्या गाडीत रोज टनावारी माल जाणार, तुमच्यात काय, चार गाद्या आणि भांडीकुंडी. हळू चालवली तर काही होत नाही.”

“आणि घाटात?”

मामाने दारावर लोंबणारी ताडपत्री बाजूला सारली.

“मामा, त्याच्यावर गोटी झोपणार आहे.”

“हे बघ,” मामा पायरीवर चढून तिच्या उंचीला आला. लहानपणी समजूत घालताना खाली बसून यायचा तसाच. “ताईला कळलं तर सगळंच बारगळेल. सोमवारी ती एकटी जाईल आणि तुम्ही इथेच. मागच्या सुट्टीसारखं. तुला काय हवंय ते तू ठरव. तुझ्या हातात आहे.”

आतापर्यंत भिंगरी नुसती दुखावली होती. ह्या वाक्याने मात्र ती पेटली. ट्रक बदलला तो बदलला, वर त्याचं ओझं तिच्याच डोक्यावर! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

“मी घरी जाते,” ती म्हणाली, आणि मामाने पुढे केलेला हात न धरता खाली उतरली.

घरी आई बर्थवर गादी टाकून बघत होती. “ये, तुझ्या जागेवर झोपून बघ,” ती म्हणाली. “ह्या खिडकीतून मी काम करताना दिसेन तुला.” भिंगरी झोपली. खिडकी अगदी बरोबर उंचीवर होती. सांगावं की मूग गिळून गप्प बसावं? सांगितलं तर ही खिडकी गेली. नाही सांगितलं तर... पलीकडे गोटी आपल्या बर्थवर छर्रे मांडत होता. ते सगळे घरंगळून मागच्या कोपऱ्यात जमा होत होते. त्या बाजूला ट्रक आताच झुकायला लागला होता.

भिंगरी उठून बसली. तिचं ठरलं. पण आईला ती सांगणार नव्हती. ज्याने केलं त्याच्याच तोंडून ते यायला हवं होतं.

“आणि तो नाहीच बोलला तर?” वकिलाने विचारलं.

“तर तू आणि मी सांगायचं. पण आधी त्याला एक संधी.”

“मामा आहे म्हणून?”

“मामा होता म्हणून,” भिंगरी म्हणाली.

रविवारी सकाळी ट्रक सजून तयार झाला. ओटा लागला, टाकी काठोकाठ भरली. मामाही आला होता, नेहमीसारखा हसत. मात्र त्याचं हसू भिंगरीपाशी येऊन अडखळत होतं.

“निघण्याआधी एक फेरी मारू,” भिंगरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “खाणीच्या उतारापर्यंत. आणि उद्घाटन मामाच्या हस्ते. मामा गोटीच्या बर्थवर झोपून येणार.”

“वा, मान त्याचाच,” आई म्हणाली. “ट्रक त्यानेच तर निवडून दिला.”

“माझा बर्थ मोडू नकोस हं,” गोटी म्हणाला. त्याला सुतारकाकूंच्या हाती सोपवून बाकीचे चढले. बाबा चालवायला, त्यांच्या शेजारी आई आणि वकील. उतार लागण्याआधी एक जुना पूल होता. त्याच्या अलीकडेच बाबांना काहीही करून थांबवायचं, हे वकिलाचं काम. मागे बर्थवर मामा आणि समोरच्या बाकावर भिंगरी.

ट्रक निघाला. टाकीत पाणी डुचमळलं. मामा पाठीवर पडून छताकडे बघत होता.

“तू पुढे जाऊन बस,” थोड्या वेळाने तो म्हणाला.

“का?”

“बस म्हटलं ना.”

“हळू चालवली तर काही होत नाही,” भिंगरी म्हणाली. “तुम्हीच म्हणालात.”

मामाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिने त्याला आयुष्यात कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

ट्रक एका खड्ड्यातून गेला. बर्थच्या खाली कुठेतरी कण्हल्यासारखा आवाज झाला. मामा ताडकन उठून बसला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. दुसरा खड्डा, पुन्हा तोच आवाज. मामाने भिंगरीला दंडाला धरून पुढे ढकललं आणि केबिनच्या भिंतीवर दोन्ही मुठी आपटल्या. “थांबवा! भावजी, गाडी थांबवा! उताराला घालू नका!”

पूल अजून बराच लांब होता. वकिलाला काही करावंच लागलं नाही.

आईने मागचं दार उघडलं. “काय झालं?”

भिंगरी ओठ घट्ट मिटून उभी राहिली. मामाने एकदा तिच्याकडे, एकदा आईकडे पाहिलं. मग तिथेच, रस्त्याच्या कडेला उभं राहून, मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं. मासळी, मीठ, पुट्टी, नंबरप्लेट, शेडमधली ताडपत्री. तिथे शेडमध्ये पोरीला काय म्हणालो, तेही सांगितलं.

आई ओरडली नाही. ती ट्रकखाली वाकली, काळ्या रंगावर तिने नखाने टोकरलं आणि हातात आलेला गंजाचा पोपडा बघत राहिली.

“दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते,” ती म्हणाली. “तुझ्याशी काय भांडू? कुंपणच शेत खातंय. माझी पोरं झोपणार होती ह्यात. तू स्वतः दोन खड्डेसुद्धा झोपू शकला नाहीस.”

मामाला रडू फुटलं. भिंगरीला त्याची दया आली आणि दया आल्याचा रागही आला.

आईने तिथूनच ऑफिसला फोन लावला आणि थोडी मुदत मागून घेतली. संध्याकाळी बेकरीचा ट्रक दारात उभा राहिला. मग एका ट्रकातलं घर उपसून दुसऱ्यात मांडायचं काम सुरू झालं. सुतारकाकूंनी तोंडातले खिळे काढले ते खास मामाला चार शब्द सुनावण्यासाठी, आणि ते शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. बर्थ मामा सोडवत होता, मामाच बसवत होता. कुणी त्याला थांब म्हटलं नाही, की बस म्हटलं नाही. मासळीच्या ट्रकचे मात्र त्याने आईच्या देखत गॅसकटरने दोन तुकडे केले, म्हणजे पुन्हा कुणाच्या गळ्यात पडायला नको.

“पोरांनो,” बाबा म्हणाले, “मी गाडीचा रंग बघत बसलो आणि तुम्ही गाडी बघितलीत. आम्हाला शहाणं केलंत.”

“माझी जीभ,” गोटी म्हणाला. “पुरावा मी चाटला.”

“हो बाबा, तू चाटलास,” आईने त्याचं नाक पुसलं. मग भिंगरीला जवळ घेतलं. “आणि तू. सुट्टी जाईल हे माहीत असून गाडी थांबवायला लावलीस. डोंगरात माझ्या दुर्बिणीला हात लावायची कुणाला परवानगी नाही. तुला आहे.”

भिंगरीने आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. शेडमध्ये न आलेलं रडू आता आलं.

निघायच्या दिवशी मामा शेवटचा स्क्रू आवळून खाली उतरला. भिंगरी आपल्या खिडकीत बसली होती. तो खिडकीखाली येऊन घुटमळला. हातातल्या पान्यावरचं तेल त्याने पुसलं, पुन्हा पुसलं.

“एक विचारू?” तो म्हणाला. “खूण कुठे केली होतीस? मी सगळा ट्रक शोधला, सापडली नाही.”

महिन्यापूर्वी विचारलं असतं तर तिने हाताला धरून नेऊन दाखवली असती. तिला अगदी आतून वाटलंही, की सांगून टाकावं आणि सगळं पहिल्यासारखं व्हावं.

“ते कुणाला सांगायचं नसतं,” ती म्हणाली. “तुम्हीच शिकवलंत.”

मामाने मान हलवली आणि तो बाजूला झाला. बाबांनी ट्रक सुरू केला. वळण येईपर्यंत तो हात वर करून उभा होता, आणि वळण अगदी जवळ आल्यावर भिंगरीनेही खिडकीतून हात बाहेर काढला.